व्हायोलिनचं पोट

लग्न होऊन सूनबाई या घरात आली त्या आठवड्यातली गोष्ट. जिन्याखालच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "बरगड्या वाळल्या का बघ गं, आणि येताना मान घेऊन ये." ती हातातल्या कपबशीसकट पायरीवरच थिजली. नवरा वरून हसत म्हणाला, घाबरू नकोस, व्हायोलिनचं बोलतायत. या घरात माणसांपेक्षा व्हायोलिनच्या अवयवांची चौकशी जास्त असते, हे तिला हळूहळू कळलं. कडेच्या वाकवलेल्या पट्ट्या म्हणजे बरगड्या, मागची फळी म्हणजे पाठ आणि पुढची फळी, जिच्यावर तारा उचलून धरणारी घोडी उभी राहते आणि तारांचा सगळा भार येतो, ती म्हणजे पोट.

खालच्या त्या लांबट खोलीला सगळे कारखाना म्हणत. खरं तर तिथे एक माणूस कामाला बसला की दुसऱ्याला भिंतीला अंग चोरून जावं लागे. खिडकीखाली बाक, बाकावर पटाश्या, भिंतीवर साचे टांगलेले, कोपऱ्यात सरस शिजवायची छोटी शेगडी. सरसाचा वास इतका मुरलेला की सूनबाईच्या माहेरचे लोक आले की नाकाला रुमाल लावून सासरची ख्यालीखुशाली विचारत. तिला मात्र तो वास येईनासा झाला, आणि मग आवडायलाच लागला. रिकाम्या वेळी खाली बसता बसता ती सरस करायला शिकली, मग रोगण, मग खुंट्या बसवणं, मग तारा. कोणी शिकवलं असं नाही. सासरे सांगत नसत, फक्त चुकलं की "हं" म्हणत. त्या एका "हं"मधले दहा अर्थ ओळखण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली.

एक गोष्ट मात्र तिला करायची मुभा नव्हती. पोट. ती फळी आतून खरवडून पातळ करायची असते. बोटाच्या पेरानं टकटक करायचं, कान देऊन ऐकायचं, पोलादी पत्तीनं जरासं खरवडायचं, पुन्हा ऐकायचं. जड राहिली तर आवाज गुदमरतो, फार हलकी झाली तर भार पेलत नाही. सासऱ्यांनी यासाठी कधी मोजमापाचं साधन वापरलं नाही. बोटांना डोळे असतात, म्हणत. आणि घराचा नियम असा की ज्याचं पोट, त्यानंच वाजवून बघायचं. एका पोटाला दोन कान लागले की दोन्ही बहिरे. काम चालू असेतोवर फळी मऊ कापडात बांधून मांडणीवर ठेवलेली असे. सूनबाई धूळ पुसताना ते गाठोडं उचलून बाजूला ठेवी, पण गाठ कधी सोडली नाही.

"मला कधी शिकवणार, मामंजी?" ती विचारायची.

"पोट शिकायला अख्खं आयुष्य लागतं. तुझं अर्धं स्वयंपाकात गेलं."

"मग उरलेल्या अर्ध्यात अर्धं पोट तरी शिकवा."

यावर ते "हं" म्हणत. पण ते "हं" नकाराचं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

मग प्रतिष्ठान आलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची पांढरी इमारत होती. ऐपत नसलेल्या मुलांना व्हायोलिन शिकवायचं, वाद्यं उसनी द्यायची, आणि व्हायोलिन हातानं घडवणारी जी चारदोन घरं उरली होती ती जगवायची, असं त्यांचं काम. सूनबाई सकाळी त्यांच्या शाळेत तारा बदलायला आणि गजांना केस भरायला जाई, त्यातून ओळख झाली. संचालिकाबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई मनानं खरोखरच चांगल्या होत्या, आणि हीच त्यांची अडचण होती. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात. त्या कारखान्यात आल्या, साच्यांवरून हात फिरवला, डोळे भरून आले, म्हणाल्या की हा वारसा जपला पाहिजे.

त्या गेल्यावर सासरे म्हणाले, "वारसा म्हणे. वारसा मेल्यावर असतो. मी अजून जेवतोय."

पण बोलणं पुढे गेलं. कारखान्यालाच प्रतिष्ठानची शाळा करायची, निवडलेले तीन विद्यार्थी इथे येऊन म्हाताऱ्याच्या हाताखाली बसणार, असं ठरत आलं. फक्त एक औपचारिकता होती. म्हाताऱ्यानं एक नवं व्हायोलिन पुरं करायचं, ते प्रतिष्ठानचे मास्तर वाजवून बघणार आणि मग ते एका विद्यार्थिनीला वापरायला मिळणार.

सूनबाईला किती आनंद झाला हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. तो फर्निचरच्या दुकानात सोफे विकायचा आणि म्हणायचा, बाबा लाकडातून गाणं काढतात, मी गिऱ्हाइकाच्या तोंडून होकार काढतो, माझंच अवघड आहे. खोली बंद करून भाड्यानं द्यावी असं तो गेली काही वर्षं म्हणत होता. वाईट हेतूनं नव्हे. त्याला बापाचं थकणं दिसत होतं. तिला मात्र दिसत होते तीन विद्यार्थी अर्धगोलात बसलेले, आणि त्यांच्या मागे, भिंतीशी, केर काढायच्या निमित्तानं उभी राहिलेली चौथी. ती स्वतः.

अडचण एकच होती, आणि ती तिनं पदराखाली झाकली होती. म्हातारा विसरायला लागला होता.

आधी चष्मा, मग चहा. चहा पिऊन कप ठेवला की म्हणायचे, आज चहा दिला नाहीस. मग मुलाला आपल्या गेलेल्या भावाच्या नावानं हाक मारायला लागले. डॉक्टरांनी डॉक्टर सांगतात ते सांगितलं. पण बाकावर बसले की माणूस बदलायचा. पटाशी हातात आली की हाताला कसलाच गोंधळ नसे, मानेच्या टोकाची ती शंखासारखी वळी डोळे मिटून कोरायचे. डोकं विसरतं, हात विसरत नाहीत, असं सूनबाईनं स्वतःला समजावलं आणि मग नवऱ्याला. मोठ्या बाई आल्या की ती सासऱ्यांच्या शेजारी बसे आणि नाटकात आतून वाक्यं पुरवतात तसे त्यांच्या अडलेल्या वाक्यात शब्द सरकवून देई. बाईंना ते कौतुकाचं वाटे. किती जीव आहे दोघांचा, म्हणत.

नव्या व्हायोलिनचं काम सुरू झालं. पाठ झाली, बरगड्या झाल्या, पोट सुरू झालं. रोज सकाळी ते गाठोडं सोडत, फळी दोन बोटांत धरून टकटक करत, मान कलती करून ऐकत आणि म्हणत, "अजून जरा जड आहे." मग पत्ती उचलत. सूनबाई शाळेकडे निघे. परत येई तेव्हा गाठोडं बांधून मांडणीवर आणि बाकाखाली पापुद्रे पडलेले. कांद्याच्या सालीसारखे पातळ, फुंकर मारली तर उडतील असे. ती ते केरसुणीनं गोळा करी आणि तिचा जीव भांड्यात पडे. आज मामंजींनी काम केलं. आज हातांना आठवलं. त्याच पापुद्र्यांनी ती शेगडी पेटवी आणि सरस ठेवी.

असं बरेच दिवस चाललं. प्रतिष्ठानकडून तारीख कळली तेव्हा तीच म्हणाली, "मामंजी, आता पोट बंद करायला हवं."

"अजून जरा जड आहे."

"तुम्हाला सगळंच जड वाटतं. द्या आता."

ते कुरकुरले, पण दिलं. स्वतःच्या हातानं बरगड्यांवर बसवलं आणि तिनं कडेला सरस लावून शिकंजे आवळले. पोटाला सरस नेहमी पातळच लावायचा, म्हणजे पुढेमागे दुरुस्तीला उघडायची वेळ आली तर लाकूड न फाटता सांधा सुटतो. उचलताना तिला ते हलकं लागलं. तिला वाटलं, वा, हलकं.

रोगण चढलं, वाळलं. मग आतला टेकू बसवायची वेळ आली. घोडीखाली, पोट आणि पाठ यांच्या मधे, एक बारीकशी दांडी उभी करावी लागते. ती पोटावरच्या दोन फटींतून वाकड्या सळईनं आत न्यायची. हे सूनबाईचं काम. आत दिसावं म्हणून ती वायरवरचा एक चिमुकला दिवा फटीतून आत सोडी. बाहेर आभाळ भरलेलं होतं, खोलीत दुपारीच अंधारून आलं होतं. तिनं दिवा सोडला.

नेहमी काय होतं, तर फटी तेवढ्या उजळतात, बाकी लाकूड गप्प असतं. आज सगळं पोटच पेटलं. बॅटरीवर तळहात धरला की बोटं लाल दिसतात, तसं मधोमध, जिथे घोडी उभी राहणार, तिथे लाकूड केशरी झालं होतं. लाकडाचे धागे एकेक मोजता येत होते.

ती बघत राहिली. आणि मग एकदम सगळे दिवस तिच्यासमोर उभे राहिले. रोज सकाळी म्हाताऱ्यानं एक नवंच गाठोडं सोडलं होतं. काल खरवडलं होतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रोज पहिल्यांदा ऐकायचं, रोज पहिल्यांदा जड वाटायचं, रोज थोडंसंच खरवडायचं, अगदी बेतानं, अगदी जसं करायला हवं तसंच. हात विसरले नव्हते. तिनं रोज झाडून नेला तो केर म्हणजे ते पोटच होतं. त्याच्याच जाळावर तिनं सरस शिजवला होता.

सासरे मागे येऊन उभे राहिले होते. "केवढं सुरेख दिसतंय," ते म्हणाले. "कुणी केलं?"

"तुम्हीच, मामंजी."

"मग बरोबर असणार."

नवऱ्याला तिनं सांगितलं. तो म्हणाला, सांगून टाक प्रतिष्ठानवाल्यांना. सांगते, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यात हलक्या तारा आणल्या आणि घोडी जरा बुटकी कापली. लाकूड कधीकधी माणसाला आश्चर्यचकित करतं, असं ती स्वतःला सांगत होती. करतंच की. फक्त सहसा असं नाही.

प्रतिष्ठानच्या दिवाणखान्यात मास्तरांनी व्हायोलिन खांद्याला लावलं आणि पहिला सूर काढला. सगळी खोली त्या सुरानं भरली. असा मोकळा, असा भरदार आवाज की मोठ्या बाईंनी छातीशी हात नेला. सासरे खुर्चीत ताठ बसून ऐकत होते, चेहऱ्यावर कुणाच्या तरी दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक ऐकावं तसं हसू. मास्तरांनी वाजवणं थांबवलं, वाद्य कानाशी नेऊन पोटावर हलकेच टिचकी मारली आणि सूनबाईकडे पाहिलं.

"नवं वाद्य, आणि आताच इतकं मोकळं?"

"मामंजींचा हात," ती म्हणाली.

मास्तर तिच्याकडे क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि गजाचे केस सैल केले.

व्हायोलिन मिळालं ते चिमणीला. शाळेत तिला सगळे याच नावानं ओळखत, अंगानं एवढीशी आणि तोंड अखंड चालू म्हणून. तिची आई दवाखान्यात आया होती. चिमणीनं ते हातात घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली. सूनबाईनं तिला कोपऱ्यात घेऊन बजावलं की वाजवून झालं की तारा जरा उतरवून ठेवायच्या, उन्हात न्यायचं नाही, तार फार ताणायची नाही. चिमणी प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. असल्या सूचना कुठल्याच व्हायोलिनला देत नाहीत हे तिला कुठून कळणार.

पुढचे काही आठवडे कारखान्यात लगबग होती. सूनबाईनं तीन स्टुलं आणली. सासरे रोज विचारत, हे कोण येणार आहे, आणि ती रोज सांगे, तुमचे विद्यार्थी. रोज त्यांना नव्यानं आनंद व्हायचा. या आजाराचं एवढं एक बरं, नवरा म्हणाला, चांगली बातमी शिळी होत नाही. त्या दिवसांत एकदा, पटाश्यांना धार लावता लावता, सासरे आपणहून म्हणाले होते, पोरं येऊ देत, त्यांच्याबरोबर तुलाही पोट शिकवतो. तिनं वर पाहिलं नाही. भीती अशी की आपण पाहिलं तर ते विसरतील.

मग चिमणी आली, आईबरोबर. व्हायोलिनची पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. सूनबाईनं उघडली. घोडीखाली पोट खचलं होतं, उशीवर डोकं ठेवून उठल्यावर खळगा राहतो तसं. आणि टेकूच्या जागेपासून खालपर्यंत एक भेग.

चिमणीनं सगळं पाठ करून आणलं होतं. बसमध्ये एकदा कुणाचा तरी धक्का लागला होता, त्यानंच झालं असणार. ती उभी होती, पेटी पायाशी ठेवायला हवी होती, चूक तिचीच. आई म्हणाली, प्रतिष्ठानवाले म्हणतायत की वाद्य हलगर्जीनं हाताळलं असेल तर मुलीची जागा जाईल, घडवणाऱ्यांचं मत घेऊन या. "ताई, तुम्ही घडवणारी माणसं. तुम्ही म्हणाल ते ते ऐकतील. पोर निष्काळजी नाही हो. झोपताना उशाशी घेऊन झोपायची."

खोलीच्या त्या टोकाला सासरे स्टूल पुसत होते. तीनही स्टुलं, एकामागून एक, आणि मग पुन्हा पहिलं.

धक्का लागलाय एवढंच म्हणायचं होतं. तेही म्हणायची गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी शाळा आली असती. तिनं चिमणीकडे पाहिलं. त्या पोरीनं दिवसचे दिवस शोधून शोधून स्वतःची एक चूक सापडवली होती आणि ती जपून, धक्का न लागू देता, इथवर आणली होती.

"बसच्या धक्क्यानं असं होत नाही," सूनबाई म्हणाली. "हे आमच्याकडून झालंय."

त्याच दुपारी ती पांढऱ्या इमारतीत गेली आणि सगळं सांगितलं. गाठोडं, पापुद्रे, दिवा. विसरणंही. मोठ्या बाईंनी तिचा हात हातात घेतला. किती सोसलंत तुम्ही, म्हणाल्या. मास्तर खिडकीशी उभे होते, तिकडेच तोंड करून म्हणाले की टिचकी मारली तेव्हाच मला कळायला हवं होतं, किंवा कळलंच होतं, पण एवढ्या मोठ्या माणसासमोर जीभ उचलली नाही. चिमणीची जागा राहिली. तिला यंत्रावर बनलेलं एक व्हायोलिन मिळालं. शाळेचं मात्र तूर्तास थांबवू या, असं बाई म्हणाल्या. तूर्तास म्हणजे काय हे तिथल्या तिघांनाही माहीत होतं. पण बाक आणि साचे प्रतिष्ठानच्या दालनात मानानं ठेवता येतील, काचेमागे, खाली मामंजींच्या नावाची पाटी. त्यांनी हे इतक्या मायेनं सांगितलं की सूनबाईला मानच हलवावी लागली.

बाक न्यायला माणसं आली तेव्हा सासरे वर झोपले होते. दाराच्या चौकटीतून तो निघेना, तर नवऱ्यानंच खालून खांदा दिला आणि मग तोंड धुवायला निघून गेला. खोली एकदम मोठी झाली. भिंतीवर साच्यांच्या जागी त्यांचे फिकट आकार, कोपऱ्यात शेगडी, मधे तीन स्टुलं आणि एका स्टुलावर परत आलेली ती पेटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई खाली आली तर सासरे एका स्टुलावर बसलेले, बाक कुठे गेला हे त्यांनी विचारलंही नाही. व्हायोलिन मांडीवर होतं. पातळ सुरीनं त्यांनी कडेनं सांधा सोडवला होता, तिचा सरस चांगला होता, पोट अलगद निघून आलं होतं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं आणि टकटक केलं. पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. त्यांनी पुन्हा केलं. मग अंगठा आतून फिरवला, मधोमध, भेगेपर्यंत, आणि तिथे थांबला. किती तरी महिन्यांत त्यांची नजर इतकी लख्ख झालेली तिनं पाहिली नव्हती.

"हे कुणी केलं?"

मागं एकदा त्यांनी हेच विचारलं होतं तेव्हा उत्तर सोपं होतं. तेच उत्तर आताही खरं होतं. ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"मी," ती म्हणाली.

"पोटाला हात लावायचा नाही, सांगितलं होतं ना तुला?"

"हो."

"मी रोज ऐकत होतो. आणि तू माझ्या मागे खरवडत होतीस?"

"हो, मामंजी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "हं" म्हणाले असते तरी चाललं असतं. त्यांनी पोट मऊ कापडात ठेवलं, चारी टोकं जुळवली आणि गाठ मारली.

"तुला शिकवणार होतो मी हे," ते म्हणाले. "बरं झालं, नाही शिकवलं."

नवऱ्यानं तिची समजूत घातली की मनावर घेऊ नकोस, उद्यापर्यंत विसरतील, चहा विसरतात तर हे काय. तिनंही तीच आशा धरली होती. म्हणूनच तर बोलली होती.

चहा ते विसरले. मुलाला विसरले, जिना विसरले, बाक कधी होता हेही विसरले. हे एवढं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं. अजूनही सूनबाई केरसुणी घेऊन खोलीत शिरली की ते शेजारच्या स्टुलावरचं गाठोडं उचलतात, मांडीवर घेतात आणि तिचं झाडून होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसतात. केर आता फारसा नसतोच. ती तरी सावकाश झाडते.